पत्ता सापडतो, पॅकेट पोहोचत नाही : महाविद्यालयाच्या सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क दुरुस्तीच्या नोंदी

सोमवार, ८ जुलै २०२४ (सकाळ)

शनिवारी रात्री पावसात वीज गेली ती रविवारी पहाटेपर्यंत आली नाही. यूपीएसची बॅटरी संपल्यावर संगणक विभागाचा मुख्य सर्व्हर बंद पडला आणि वीज परतल्यावर आपोआप सुरू झाला. आज ग्रंथालय उघडताच देवघेवीच्या काउंटरवरून कोहा (ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर) उघडत नसल्याचे ग्रंथपाल मॅडमनी कळवले. पाठोपाठ मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रणाली) बंद असल्याची तक्रार द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून आली. या दोन्ही प्रणाली याच सर्व्हरवरील वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या स्वतंत्र संगणकांमध्ये) चालतात. सर्व्हरची जबाबदारी पुढे ज्यांच्याकडे जाईल त्यांच्या उपयोगासाठी या तपासाच्या नोंदी सविस्तर ठेवत आहे.

प्रथम मांडणी लिहून ठेवतो. होस्टवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, उबुंटू २२.०४ असून व्हर्च्युअल मशीन केव्हीएम (ती चालवणारी लिनक्सची सोय) आणि लिबव्हर्ट (त्यांची व्यवस्था पाहणारे साधन) यांच्या आधारे चालतात. केव्हीएम हे फेब्रुवारी २००७ मधील २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचाच (गाभ्याचाच) भाग आहे, त्यामुळे वेगळा हायपरवायझर (मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) बसवलेला नाही. होस्टचे भौतिक नेटवर्क कार्ड ‘ईएनओ१’ हे ‘बीआर०’ या ब्रिजला (होस्टच्या आतील आभासी स्विचला) जोडलेले आहे. कोहा, मूडल आणि विद्यार्थ्यांच्या सरावाची बहुतेक मशीन याच ब्रिजवर असल्यामुळे त्यांना महाविद्यालयाच्या १९२.१६८.१०.० या नेटवर्कमधले पत्ते थेट मिळतात. याखेरीज लिबव्हर्टचे नेहमीचे नॅट नेटवर्कही (ज्यातील मशीन होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जातात) चालू आहे. ‘व्हर्बीआर०’ या ब्रिजवरील १९२.१६८.१२२.० मालिकेचे हे नेटवर्क काही प्रायोगिक मशीन वापरतात.

लिबव्हर्टच्या कन्सोलवरून पाहिले असता सर्व मशीन सुरू आहेत, डेटाबेस चालू आहे, कोहाचा वेब सर्व्हर मशीनच्या आतून व्यवस्थित उत्तर देतो. म्हणजे बिघाड नेटवर्कचा आहे. सर्व्हर पुन्हा बंद करून चालू करावा, अशी सूचना विभागातून आली आहे. ती तूर्त बाजूला ठेवली आहे, कारण तसे केल्यास एआरपीची (आयपी पत्त्यावरून नेटवर्क कार्डाचा ‘मॅक’ पत्ता शोधण्याच्या पद्धतीची) सारणी आणि फायरवॉलच्या नियमांचे मोजणी आकडे नाहीसे होतील, आणि काम सुरू झालेच तरी ते कशामुळे थांबले होते हे कळणार नाही. विजेचा खेळखंडोबा पाहता असा रीस्टार्ट या पावसाळ्यात पुन्हा होणार आहे. ग्रंथपाल मॅडमनी आजची देवघेव रजिस्टरमध्ये लिहून घेण्याचे मान्य केले आहे, त्यामुळे शांतपणे तपास करता येईल.

सोमवार, ८ जुलै २०२४ (सायंकाळ)

कोण कोणापर्यंत पोहोचू शकते आणि कोण पोहोचू शकत नाही, याची पूर्ण जुळणी करण्यात दुपार गेली. ‘नेटवर्क चालत नाही’ एवढ्या विधानावरून काहीच ठरवता येत नाही. कोणत्या दोन बिंदूंमध्ये, कोणत्या दिशेने आणि कोणत्या थरावर ते चालत नाही, हे लिहून काढले की अर्धे पर्याय आपोआप गळून पडतात.

कोहाच्या मशीनवरून (१९२.१६८.१०.२१) होस्टला (१९२.१६८.१०.५) पिंग, म्हणजे पोहोच तपासणारा छोटा संदेश, जाते आणि होस्टवरून कोहालाही जाते. कोहावरून गेटवेला, म्हणजे बाहेरच्या वाटेवरील राउटरला (१९२.१६८.१०.१), जात नाही. ग्रंथालयातील संगणकावरून कोहाला जात नाही, मात्र त्याच संगणकावरून होस्टला विनाअडथळा जाते. यावरून केबल, भिंतीवरचे सॉकेट, स्विच आणि ‘ईएनओ१’ हे कार्ड निर्दोष ठरतात. नॅट नेटवर्कवरील प्रायोगिक मशीनमधून इंटरनेटही चालते. म्हणजे होस्टवरून बाहेर जाणारा रस्ताही मोकळा आहे.

सर्वांत बोलके निरीक्षण पुढचे आहे. कोहा आणि मूडल ही दोन मशीन एकाच होस्टवर, एकाच ब्रिजवर आहेत आणि त्यांच्यामधल्या पॅकेटांना भौतिक कार्डापर्यंत जाण्याची गरजच नसते, तरीही त्यांचे एकमेकांना पिंग जात नाही. यामुळे महाविद्यालयाचा स्विच पूर्णपणे चित्राबाहेर जातो. एका पोर्टवर एकाहून अधिक मॅक पत्ते दिसले की पोर्ट बंद करणारी सुरक्षा व्यवस्था व्यवस्थापित स्विचवर असते आणि ब्रिजवरील व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत तिच्यावर संशय घेणे रास्त असते. परंतु ती व्यवस्था एकाच होस्टच्या आतल्या दोन मशीनमधला संवाद थांबवू शकत नाही.

दुसरे तितकेच महत्त्वाचे निरीक्षण कोहाच्या शेजारी-सारणीत मिळाले. ‘आयपी नेबर’ ही आज्ञा दिली असता गेटवेचा मॅक पत्ता अचूक दिसतो आणि त्याची स्थिती ‘रीचेबल’ अशी दाखवली जाते. नोंद पुसून पुन्हा पिंग दिल्यावर ती लगेच नव्याने तयार होते. याचा अर्थ एआरपीचा प्रश्न ब्रिजमधून बाहेर जातो, गेटवे उत्तर देतो आणि ते उत्तर परतही येते. त्याच मार्गाने निघालेले आयपी पॅकेट मात्र कुठे तरी गडप होते. केबल तुटलेली असती, ब्रिजचा पोर्ट बंद असता किंवा व्हीलॅनचा (नेटवर्कच्या आभासी विभागाचा) क्रमांक चुकलेला असता, तर एआरपीही पोहोचली नसती आणि स्थिती ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘फेल्ड’ अशी दिसली असती. दुसऱ्या थरावरची (मॅक पत्त्यांची) वाट मोकळी आहे आणि तिसऱ्या थराच्या (आयपीच्या) पॅकेटांनाच कोणी तरी अडवत आहे, इतके आज निश्चित झाले.

ज्या सराव मशीनला पत्ता डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून) घ्यावा लागतो त्यांना आयपी पत्ताच मिळालेला नाही. हेही वरच्या निष्कर्षाशी जुळते, कारण डीएचसीपीची विनंती प्रसारण स्वरूपाची असली तरी ती आयपी पॅकेटमधूनच जाते.

मंगळवार, ९ जुलै २०२४

आज पॅकेटचा प्रत्यक्ष पाठलाग केला. कोहाच्या मशीनवरून गेटवेला सतत पिंग सुरू ठेवले आणि टीसीपीडम्पने (पॅकेट पाहण्याच्या साधनाने) एकेका टप्प्यावर ऐकले. मशीनच्या आतील कार्डावर विनंती बाहेर पडताना दिसते. होस्टवरील ‘व्हीनेट०’ या जोडावर, म्हणजे व्हर्च्युअल कार्डाच्या होस्टकडील टोकावर, तीच विनंती येताना दिसते. ‘बीआर०’ वरही ती दिसते. ‘ईएनओ१’ वर मात्र ती नाही. तेथे केवळ एआरपीची ये-जा दिसते. उलट दिशेनेही तपासले. ग्रंथालयातील संगणकावरून कोहाला पिंग दिले असता विनंती ‘ईएनओ१’ वर पोहोचते, पण ‘व्हीनेट०’ वर उतरत नाही. पॅकेट ब्रिजमध्ये शिरते आणि ब्रिजमधून बाहेर येत नाही, हे दोन्ही बाजूंनी सिद्ध झाले.

येथे एक सूचना नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते. मशीनच्या आत टीसीपीडम्प सविस्तर स्वरूपात चालवल्यास बाहेर जाणाऱ्या टीसीपी आणि यूडीपी पॅकेटांपुढे चेकसम (मजकूर शाबूत असल्याची पडताळणी करणारा आकडा) चुकीचा असल्याचा शेरा दिसतो. व्हर्टिओ प्रकारच्या (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या) कार्डावर चेकसमची आकडेमोड पुढच्या टप्प्यावर सोपवलेली असते आणि टीसीपीडम्प पॅकेट त्याआधीच पाहतो, म्हणून तसे दिसते. प्रयोगशाळा सहायकांचे लक्ष या शेऱ्याकडे गेले आणि दोष तेथेच असावा असे त्यांना वाटले. शंका योग्य होती, परंतु पिंग हे टीसीपी-यूडीपीहून वेगळ्या आयसीएमपी प्रकारचे असल्याने आणि तेही अडत असल्याने ही शक्यता लगेच वगळता आली.

ब्रिजची स्वतःची स्थिती पाहिली. ‘ब्रिज एफडीबी शो’ या आज्ञेने कोहाचा ५२:५४:०० ने सुरू होणारा मॅक पत्ता ‘व्हीनेट०’ च्या बाजूस आणि गेटवेचा पत्ता ‘ईएनओ१’ च्या बाजूस दाखवला. सर्व पोर्ट ‘फॉरवर्डिंग’ स्थितीत आहेत. म्हणजे ब्रिजला पॅकेट कोणत्या दारातून बाहेर पाठवायचे हे ठाऊक आहे.

राहिला फायरवॉल. यूएफडब्ल्यू बंद असल्याचे त्याची स्थिती सांगते, आणि बहुधा यामुळेच ‘होस्टवर फायरवॉल नाही’ असा समज विभागात रूढ आहे. परंतु यूएफडब्ल्यू हे नियम लिहिण्याचे केवळ एक साधन आहे. त्याने काही लिहिले नाही म्हणून कर्नलमधील नियमांच्या साखळ्या रिकाम्या आहेत असे होत नाही. आयपीटेबल्सची (कर्नलमधील फायरवॉलची) ‘फॉरवर्ड’ साखळी, म्हणजे होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम, मोजणी आकड्यांसह पाहिली, तेव्हा तिचे मूळ धोरण ‘ड्रॉप’ (टाकून द्या) असल्याचे दिसले. कोहावरून पिंग सुरू ठेवले की धोरणासमोरचा आकडा प्रत्येक विनंतीसोबत एकाने वाढतो आणि पिंग थांबवले की तोही थांबतो. शोधत होतो ते ठिकाण हेच.

तात्पुरता उपाय म्हणून होस्टवरील डॉकरच्या (कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमचे स्वतंत्र कप्पे, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) ‘डॉकर-यूझर’ या साखळीच्या प्रारंभी ‘बीआर०’ मधून येऊन ‘बीआर०’ मधूनच जाणाऱ्या पॅकेटांना मुभा देणारा एक नियम घातला. ब्रिजमधून जाणाऱ्या पॅकेटासाठी आयपीटेबल्सला येणारा आणि जाणारा असे दोन्ही इंटरफेस ‘बीआर०’ असेच दिसतात, म्हणून एकच नियम दोन्ही दिशांना पुरतो. नियम घालताच कोहा आणि मूडल चालू झाले. ग्रंथपाल मॅडमना कळवले. रजिस्टरमधील नोंदी आज दुपारपासून कोहात भरल्या जात आहेत.

बुधवार, १० जुलै २०२४

सेवा सुरू झाली असली तरी दोन प्रश्न शिल्लक आहेत. पहिला असा की, ब्रिज हे दुसऱ्या थरावरचे साधन असताना त्यातून जाणाऱ्या पॅकेटांना तिसऱ्या थरावरचा फायरवॉल कसा अडवू शकतो? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: हीच मांडणी जूनमधील एका रीस्टार्टनंतर सुरळीत चालू होती, मग या वेळीच ती का अडली?

पहिल्याचे उत्तर कर्नलमधील ‘बीआर-नेटफिल्टर’ या मॉड्यूलमध्ये (गरजेनुसार चढवता येणाऱ्या भागात) आहे. ते सक्रिय असते तेव्हा ब्रिजवरून जाणारी आयपी पॅकेटही आयपीटेबल्सच्या साखळ्यांसमोर उभी केली जातात. कर्नल ३.१८ पासून हे कार्य स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवलेले आहे. मॉड्यूल चढलेले नसेल तर ब्रिज आणि आयपीटेबल्स यांचा एकमेकांशी संबंध येत नाही. ते चढले की ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ या मांडणीचे मूल्य आपोआप १ होते. एआरपीची फ्रेम आयपी पॅकेट नसल्यामुळे आयपीटेबल्सपुढे जात नाही, म्हणूनच सोमवारी पत्ता सापडत होता आणि पॅकेट पोहोचत नव्हते. होस्टशी होणारा संवाद ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ या साखळ्यांतून जातो, त्याला ‘फॉरवर्ड’ साखळी लागत नाही, म्हणून तो चालू होता. नॅट नेटवर्कसाठी लिबव्हर्ट स्वतःचे मुभा देणारे नियम ‘फॉरवर्ड’ साखळीतून जोडलेल्या साखळ्यांमध्ये लिहितो, त्यामुळे तेथील पॅकेट मूळ धोरणापर्यंत पोहोचण्याआधीच पुढे सोडली जातात. ब्रिजवरील मशीनसाठी असा नियम कोणीही लिहिलेला नव्हता. सोमवारच्या जुळणीतील प्रत्येक ओळ या एकाच कारणाने उलगडते, आणि कारण खरे असल्याची माझ्या दृष्टीने हीच सर्वांत भक्कम खूण आहे.

आता ‘ड्रॉप’ हे धोरण कोठून आले, ते पाहू. तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकांसाठी उन्हाळी सुट्टीत या होस्टवरच डॉकर बसवण्यात आले. डॉकर आपल्या कंटेनरसाठी ब्रिज तयार करतो, त्यासाठी वरील मॉड्यूल चढवतो आणि कर्नलमधील आयपी फॉरवर्डिंग चालू करतो. एखाद्या यंत्रावर फॉरवर्डिंग चालू केले की ते यंत्र राउटर बनते आणि कोणाचेही पॅकेट इकडून तिकडे पोहोचवू लागते. हा धोका टाळण्यासाठी २०१७ मधील १.१३ या आवृत्तीपासून डॉकर ‘फॉरवर्ड’ साखळीचे धोरण ‘ड्रॉप’ करतो. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्य आहे आणि तो दस्तऐवजांत उघडपणे नोंदवलेला आहे. एकाच होस्टवर दोन व्यवस्था नांदत असताना त्यांनी एकमेकांचे नियम कसे सांभाळायचे हे आपल्याकडे ठरवले गेले नव्हते. उणीव आहे ती या मांडणीत, कोणत्याही एका सॉफ्टवेअरमध्ये नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच दडलेले असावे, असे वाटते. आपल्याकडील आवृत्तीत डॉकर हे धोरण तेव्हाच बदलतो, जेव्हा फॉरवर्डिंग आधी बंद असते आणि ते त्याला स्वतः चालू करावे लागते. ते कोणी आधीच चालू केलेले असेल, तर तो धोरणाला हात लावत नाही. लिबव्हर्टसुद्धा आपले नॅट नेटवर्क सुरू करताना फॉरवर्डिंग चालू करतो. म्हणजे होस्ट सुरू होताना लिबव्हर्ट पुढे असेल तर सर्व ठीक आणि डॉकर पुढे असेल तर ब्रिजवरील मशीन बंद, अशी ही शर्यत आहे. सिस्टमडीच्या (सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) मांडणीत या दोन सेवांमध्ये कोणताही क्रम ठरवलेला नाही. जर्नलमधील (सिस्टमडीच्या नोंदींतील) दोन्ही रीस्टार्टच्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या: जूनमध्ये लिबव्हर्टचे नेटवर्क आधी उभे राहिले होते, रविवारी पहाटे डॉकर आधी उठला. होस्ट सोमवारी डोळे झाकून पुन्हा सुरू केला असता, तर कदाचित सर्व सुरळीत झाले असते आणि विजेमुळे काही तरी बिघडले होते, असा शेरा मारून विषय मिटवला गेला असता.

शनिवार, १३ जुलै २०२४

जर्नलमधील वेळांवरून काढलेला निष्कर्ष कितीही पटला तरी तो करून पाहिल्याशिवाय कायमचा उपाय ठरवणे मला योग्य वाटत नाही. प्रयोगशाळेतील एका जुन्या डेस्कटॉपवर हीच मांडणी उभी केली. फॉरवर्डिंग बंद असताना डॉकर सुरू केला, की धोरण ‘ड्रॉप’ होते आणि ब्रिजवरील चाचणी मशीनचा बाहेरचा संवाद थांबतो. नॅट नेटवर्क आधी सुरू करून मग डॉकर सुरू केला, की धोरण ‘ॲक्सेप्ट’ राहते आणि संवाद चालू राहतो. क्रम बदलला की परिणाम बदलतो, यात अपवाद दिसला नाही.

कायमच्या उपायाचे पर्याय विभागप्रमुख सरांसमोर मांडले. पहिला पर्याय म्हणजे सुरुवातीलाच फॉरवर्डिंग चालू करून ठेवणे. हा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत अयोग्य, कारण त्यामुळे होस्ट खुले धोरण असलेला राउटर बनतो. ज्या धोक्यासाठी ‘ड्रॉप’ ठेवले गेले तोच आपण ओढवून घेऊ. दुसरा पर्याय ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ चे मूल्य ० करण्याचा. ब्रिजवरील मशीनसाठी लिबव्हर्टच्या मार्गदर्शनातही हाच मार्ग दिलेला आहे. मात्र त्यात एक खाच आहे. सिसीटीएलच्या (कर्नलच्या मांडण्या ठरवणाऱ्या) फाइलमधील मूल्ये होस्ट सुरू होताना फार लवकर लागू होतात, त्या वेळी मॉड्यूल चढलेलेच नसते, म्हणून ही ओळ वाया जाते आणि पुढे डॉकरने मॉड्यूल चढवले की मूल्य पुन्हा १ होते. त्यासाठी मॉड्यूलचे नाव ‘मॉड्यूल्स-लोड’ च्या निर्देशिकेतही लिहावे लागते, कारण तेथील मॉड्यूल सिसीटीएलच्या आधी चढवली जातात. शिवाय कंटेनरमधला आपसातला संवाद बंद ठेवायचा असेल तर डॉकरला हेच मूल्य १ लागते, त्यामुळे दोन गरजांचा पुन्हा संघर्ष होईल. तिसरा पर्याय ‘डॉकर-यूझर’ मधील मंगळवारचा नियम प्रत्येक वेळी डॉकरनंतर आपोआप घातला जाईल, अशी छोटी सेवा लिहिण्याचा. तो चालेल.

चौथा पर्याय मी सुचवला आणि सरांनी मान्य केला. डॉकर होस्टवरून पूर्णपणे काढून त्यासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन द्यावे. होस्टवर फक्त व्हर्च्युअलायझेशन राहावे. विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी होस्टवर प्रवेश द्यावा लागणार नाही, हा त्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. हे काम बुधवारी आषाढी एकादशीच्या सुट्टीत करायचे ठरले. तोपर्यंत तिसऱ्या पर्यायातील सेवा बसवली आहे.

सोमवार, १५ जुलै २०२४

एक वेगळीच अडचण पुढे आली आहे. सराव मशीनपैकी दोघांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे एसएसएच (दूरस्थ लॉगिनचे) सत्र मधूनच तुटते. एकाचे चालू झाले की दुसऱ्याचे अडते. मागील दोषाचाच हा अवशेष असावा, असे विभागात सर्वांना वाटले. पण येथे मशीन आलटून पालटून पोहोचत आहेत, आणि ‘ड्रॉप’ धोरण असे कधीही वागणार नाही. होस्टवरून त्या पत्त्याला आर्पिंग (एआरपीने विचारणारे पिंग) दिले असता एकाच आयपी पत्त्यासाठी दोन वेगवेगळ्या मॅक पत्त्यांवरून उत्तरे आली. दोन मशीन एकाच पत्त्यावर बसली आहेत.

मॅक पत्ते वेगळे असताना डीएचसीपी सर्व्हरने एकच पत्ता का दिला, याचे उत्तर क्लोनिंगमध्ये मिळते. ही मशीन सुट्टीत एकाच मूळ प्रतिमेवरून क्लोन केलेली आहेत. क्लोन करताना मॅक पत्ता नवा मिळतो, पण ‘ईटीसी’ मधील ‘मशीन-आयडी’ ही फाइल जशीच्या तशी येते. सिस्टमडीची नेटवर्क सेवा डीएचसीपीकडे स्वतःची ओळख मॅक पत्त्याने सांगत नाही. ती मशीन-आयडीपासून बनवलेली ओळख पाठवते. १९९७ च्या आरएफसी २१३१ (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) नुसार अशी ओळख दिलेली असेल तर सर्व्हरने तिलाच प्रमाण मानायचे असते. सर्व्हरच्या दृष्टीने ही दोन्ही एकच मशीन होती, आणि त्याने नियमानुसार एकच पत्ता दिला.

सर्व क्लोनमधील मशीन-आयडी रिकामी करून मशीन पुन्हा सुरू केली. प्रत्येकाने नवी ओळख तयार केली आणि पत्ते वेगळे झाले. एसएसएचच्या होस्ट-किल्ल्याही सर्वत्र सारख्याच होत्या, त्या नव्याने बनवल्या. ही बाब पत्त्याच्या गोंधळाहून गंभीर आहे, कारण एका मशीनची किल्ली हाती आलेला विद्यार्थी दुसऱ्या मशीनचे सोंग घेऊ शकतो. मूळ प्रतिमेवर यापुढे क्लोन करण्यापूर्वी व्हर्ट-सिस्प्रेप चालवले जाईल. ते या दोन्ही गोष्टी पुसून टाकते.

मंगळवार, १६ जुलै २०२४

एका विद्यार्थ्याने स्वतःच्या लॅपटॉपवरील व्हर्च्युअलबॉक्सची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) अडचण आणली. नॅट पद्धतीत त्याच्या मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, आतून इंटरनेट चालते, पण लॅपटॉपवरून त्या पत्त्याला एसएसएच होत नाही. तो पत्ता व्हर्च्युअलबॉक्सच्या आतच अस्तित्वात असतो आणि अशा प्रत्येक मशीनला सहसा तोच मिळतो. लॅपटॉपवरून आत जायचे तर पोर्ट फॉरवर्डिंग द्यावे लागते किंवा दुसरे होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि मशीन यांच्यातले) कार्ड जोडावे लागते. त्याला दुसरा मार्ग दाखवला. वाय-फायवर ब्रिज करण्याचा त्याचा विचार होता, तो त्याला टाळायला सांगितला. ॲक्सेस पॉइंटशी जोडलेला लॅपटॉप एकाच मॅक पत्त्याने ओळखला जातो आणि दुसऱ्या मॅक पत्त्याच्या फ्रेम ॲक्सेस पॉइंट सहसा स्वीकारत नाही. व्हर्च्युअलबॉक्स पत्ता बदलून यातून वाट काढतो, पण ती सर्व ठिकाणी चालेल याचा भरवसा नसतो.

बुधवार, १७ जुलै २०२४

सुट्टीमुळे इमारत रिकामी होती. कंटेनर नव्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवले, त्यांतील डेटा तपासून पाहिला आणि मगच होस्टवरील डॉकर काढला. डॉकर काढल्यावरही ‘ड्रॉप’ धोरण आणि चढलेले मॉड्यूल पुढच्या रीस्टार्टपर्यंत कर्नलमध्ये तसेच राहते, याची नोंद घ्यावी. सॉफ्टवेअर काढले म्हणजे त्याने लिहिलेले नियम गेले असे नाही. तिसऱ्या पर्यायासाठी लिहिलेली छोटी सेवाही काढून टाकली.

त्यानंतर होस्ट मुद्दाम वारंवार रीस्टार्ट केला, एकदा वीजपुरवठा तोडूनही. प्रत्येक वेळी ब्रिजवरील मशीन आपोआप पोहोचण्यायोग्य झाली, डीएचसीपीवरील मशीनना पत्ते मिळाले, ‘फॉरवर्ड’ साखळीचे धोरण ‘ॲक्सेप्ट’ राहिले आणि ‘बीआर-नेटफिल्टर’ मॉड्यूल चढलेले नव्हते. लिबव्हर्टमुळे होस्टवर फॉरवर्डिंग अजूनही चालू असते, म्हणून ‘बीआर०’ कडून येऊन नॅट नेटवर्ककडे जाऊ पाहणारी नवी पॅकेट लिबव्हर्टचे नियम नाकारतात की नाही, हेही बाहेरच्या संगणकावरून तपासले. ती नाकारली जातात.

शुक्रवार, १९ जुलै २०२४

कोहाचा रात्रीचा बॅकअप मुख्य परिसरातील सर्व्हरवर वायरगार्डच्या बोगद्यातून (दोन ठिकाणांमधील सुरक्षित जोडणीतून) पाठवण्याचे काम या आठवड्यात सुरू झाले. जोडणी होते, काही ओळी जातात आणि मग आरसिंक (फाइल पाठवणारा प्रोग्रॅम) जागीच थांबतो. कोणताही दोष-संदेश येत नाही. पिंग मात्र चालते. ‘पिंग चालते म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ हा समज किती अपुरा आहे, हे येथे दिसते: नेहमीचे पिंग ८४ बाइटांचे असते आणि बॅकअपची पॅकेट १५०० बाइटांची.

तुकडे करण्यास मनाई करून वेगवेगळ्या आकारांची पिंग पाठवली. महाविद्यालयाच्या नेटवर्कमध्ये १४७२ बाइटांचा मजकूर जातो. त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की १५०० होतात. बोगद्यापलीकडे १३९२ पर्यंत जातो आणि १३९३ ला उत्तर येत नाही. म्हणजे बोगद्याची मर्यादा १४२० आहे, आणि वायरगार्डचे नेहमीचे मूल्य हेच असते. एवढ्याने काम थांबण्याचे कारण नाही, कारण मोठे पॅकेट आले की गेटवेने ‘आकार कमी करा’ असा आयसीएमपी संदेश पाठवायचा आणि पाठवणाऱ्याने आकार कमी करायचा, ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ मध्येच घालून दिलेली आहे. परंतु आपल्या गेटवेच्या नियमांत पिंग वगळता सर्व आयसीएमपी बंद होते, त्यामुळे तो संदेश कोहापर्यंत येतच नव्हता आणि कोहाचे मशीन तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहत होते.

गेटवेवर प्रकार ३, संकेत ४ या आयसीएमपी संदेशाला मुभा दिली. जोडीला बोगद्यातून जाणाऱ्या टीसीपी जोडण्यांसाठी एमएसएसची (एका पॅकेटातील मजकुराच्या आकाराची) मर्यादा १३८० ठेवली, जेणेकरून पलीकडच्या बाजूस कोणी असे संदेश अडवले तरी बॅकअप थांबू नये. कोहाच्या मशीनचाच एमटीयू (पॅकेटाचा कमाल आकार) १४२० करावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. त्यानेही काम झाले असते, पण बोगदा फक्त रात्रीच्या बॅकअपसाठी आहे आणि ग्रंथालयाची दिवसभराची वाहतूक स्थानिक आहे. तिच्यावर ही मर्यादा लादण्याचे कारण नाही.

सोमवार, २२ जुलै २०२४

शनिवार आणि रविवारचे दोन्ही बॅकअप पूर्ण झाले असून मुख्य परिसरात त्यांतील एक चाचणी मशीनवर उघडून पाहिला आहे. सराव मशीनवरील विद्यार्थ्यांची तक्रार पुन्हा आलेली नाही.

दोन कामे बाकी आहेत. होस्टच्या देखरेखीत ‘फॉरवर्ड’ साखळीचे धोरण आणि ‘बीआर-नेटफिल्टर’ मॉड्यूलची स्थिती दर पाच मिनिटांनी तपासली जावी आणि त्यांत बदल झाल्यास विभागाच्या ईमेलवर सूचना यावी, यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहायची आहे. दुसरे काम यूपीएसचे. बॅटरी संपत आल्याचा संकेत होस्टपर्यंत पोहोचून व्हर्च्युअल मशीन आणि होस्ट व्यवस्थित बंद व्हावेत, यासाठी यूपीएसची यूएसबी केबल जोडून नट हे सॉफ्टवेअर बसवायचे आहे. केबलची मागणी आज कार्यालयात दिली.